सुपरहिरो बापाला न मारता बाप कसं बनवायचं: फॅनफिक लिहिणाऱ्यांसाठी

२०१७ सालचे तीन सुपरहिरो सिनेमे घ्या. 'लोगन'मध्ये लॉरा ही मुलगी लोगनला डॅडी म्हणते तेव्हा तो शेवटचे श्वास मोजतोय. 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या दुसऱ्या भागात योंडू एकुलता एक स्पेससूट त्यानेच वाढवलेल्या पीटर क्विलला चढवतो, बाप म्हणून जे बोलायचं ते बोलतो आणि गोठून मरतो. 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये ओडिन कड्यावर बसून दोन्ही पोरांना सांगतो की माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि लगेच हवेत विरून जातो. दोन वर्षांनी 'एंडगेम'मध्ये टोनी स्टार्क (आयर्न मॅन) पीटर पार्करला (स्पायडर-मॅन) पहिल्यांदा मनापासून मिठी मारतो आणि त्याच लढाईत जातो. म्हणजे पडद्यावर बापाने माया दाखवली की प्रेक्षकाने समजून जायचं, हा आता जाणार.

मोठे स्टुडिओ असं का करतात हे कळायला अवघड नाही. मरताना हळवं होणं पुरुषाला माफ असतं, कारण दुसऱ्या दिवशी त्याला ते निभवायचं नसतं, तो हळवेपणा घेऊन कामाला जायचं नसतं, पोराच्या समोर बसून खायचं नसतं, आणि 'काल मी जे बोललो ते' असं म्हणून विषय काढायचा नसतो. फॅनफिकमध्ये, म्हणजे चाहते त्याच पात्रांवर लिहितात त्या गोष्टींत, नेमकं हे दुसऱ्या दिवसाचं लिहायचं असतं. बाप बोलला, जिवंत राहिला, आता पुढे काय? खाली जे काही सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे, आणि बॅटमॅन (म्हणजे ब्रूस वेन) आणि आयर्न मॅनवर जास्त बोलणार आहे कारण बापांच्या बाबतीत फॅनफिकवाल्यांनी सगळ्यात जास्त घाम या दोघांवर गाळलाय.

आधी जागा शोधा

'ब्रूस वेन चांगला बाप असता तर' असं डोक्यात घेऊन लिहायला बसलात तर तिसऱ्या पॅराला अडकाल, कारण चांगला म्हणजे नेमका कसा हेच ठरलेलं नसतं, मग तो पॅनकेक करतो, पोरांच्या केसांतून हात फिरवतो, सगळे सोफ्यावर झोपतात, आणि गोष्ट तिथेच संपते. वाचायला गोड वाटतं, नाही म्हणत नाही, पण तो ब्रूस कुठलाही माणूस असू शकतो. त्यापेक्षा कॅननमध्ये, म्हणजे मूळ कॉमिक-सिनेमांत, हा बाप नेमका कुठे कमी पडला ती एक जागा शोधा. एकच. आणि तिथून लिहा.

उदाहरण देतो. १९८८ साली बॅटमॅनची कॉमिक काढणाऱ्या डीसीने वाचकांकडून फोनवर मतं मागवली की दुसरा रॉबिन (बॅटमॅनने सांभाळलेला पोरगा-साथीदार) जेसन टॉड जगावा का मरावा, आणि ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी ते पोरगं मेलं, ७२ मतांचा फरक. पुढे बॅटकेव्हमध्ये त्याचा ड्रेस काचेच्या कपाटात ठेवलेला दिसतो आणि त्याला पाटी आहे, 'अ गुड सोल्जर'. चांगला सैनिक. मेलेल्या पोरासाठी बापाने काय लिहावं? सैनिक! ब्रूसचा पुरुषपणा नेमका कुठे अडकलाय हे त्या एका पाटीत आहे, दुःख झालं की तो त्याचं कर्तव्य करून टाकतो, मग ते काचेत ठेवता येतं आणि रोज त्याच्यासमोरून जाता येतं. आता या कपाटातून किती गोष्टी निघतात बघा: पुढे जिवंत होऊन परत आलेला जेसन ते बघतो तेव्हा, घरचा बटलर आल्फ्रेड ती काच पुसतो तेव्हा, ब्रूसचा सख्खा मुलगा, लहान डेमियन विचारतो हा कोण तेव्हा, ब्रूस ती पाटी काढायला जातो आणि तिच्या जागी काय लावायचं हे त्याला सुचत नाही तेव्हा. यातला शेवटचा प्रसंग घेतलात तर पाच हजार शब्द आरामात होतील आणि त्यात पॅनकेक लागणार नाही.

अशा जागा भरपूर आहेत. पहिला रॉबिन डिक ग्रेसन १९४० पासून ब्रूसच्या घरात आहे पण कित्येक वर्षं नुसता वॉर्ड (सांभाळायला घेतलेलं पोर) म्हणून, कायद्याने दत्तक घेतलं ते पार मोठा झाल्यावर. तिसरा रॉबिन टिम ड्रेक १९८९ मध्ये स्वतःहून आला, कारण जेसन गेल्यावर बॅटमॅन बेफाम झालाय, स्वतःला जपत नाहीये हे त्या पोराच्या लक्षात आलं, म्हणजे बापाचं दुःख सांभाळायला एक शाळकरी पोरगं कामाला लागलं. कॉमिकमध्ये हे टिमची हुशारी म्हणून येतं, तुम्ही विचारायचं की हे काम त्याने का करावं, बाकीचे मोठे कुठे होते. 'यंग जस्टिस' कार्टूनमध्ये सुपरमॅन त्याच्यापासूनच बनवलेल्या कॉनरला टाळत फिरतो, आणि बॅटमॅन त्याला समजवायला जातो की त्या पोराला तुझी गरज आहे. बॅटमॅन! यावर तर विनोदी फॅनफिक पण होईल आणि रडवणारं पण.

पळवाट बंद करा

सुपरहिरो बापाकडे जगातली सगळ्यात भारी पळवाट असते. घरात काही नाजूक बोलणं सुरू झालं की बॅट-सिग्नल लागतो, टोनीचा फोन वाजतो, सुपरमॅनला दुसऱ्या खंडातून कोणाची तरी हाक ऐकू येते. आणि कोणी तक्रार पण करू शकत नाही कारण तो जग वाचवायला गेलाय ना. कामाच्या नावाखाली घरातून निसटणारा बाप सगळ्यांनी बघितलेला असतो, सुपरहिरोच्या गोष्टीत त्याला केप मिळतो एवढंच.

तर सीन लिहिताना आधी ही पळवाट कुठली आहे ते ठरवा आणि मग तिचं काय करायचं ते ठरवा. सोपा मार्ग म्हणजे बंदच करून टाकायची: पाय मोडलाय, लिफ्ट अडकलीये, सूट चार्जिंगला आहे. चालतं, पण यात बाप स्वतः काही निवडत नाही, परिस्थिती त्याला बसवते. दुसरा मार्ग, सिग्नल लागतो आणि तो दुसऱ्या कोणाला पाठवतो, हे जरा जास्त भारी पण दोनदाच वापरता येतं, तिसऱ्यांदा वाचक म्हणतो मग गॉथम शहर कोण बघतंय. मला सगळ्यात आवडतो तो तिसरा मार्ग: तो जातो, पण जाताना सांगून जातो की मी अमुक वाजता येतो, आणि त्या वेळेला खरंच येतो. एवढंच. ज्या पोराने पंधरा वर्षं वाट बघितलीये त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्या पोराच्या नजरेतून लिहा, घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करणारं पोरगं लिहा, बापाच्या नजरेतून लिहिलंत तर त्यात काहीच दिसणार नाही कारण त्याला ते काही विशेष वाटतच नाही.

इथेच हर्ट/कम्फर्टबद्दल (एकाला लागतं, दुसरा त्याला जपतो) बोलून घेऊ. हा प्रकार सत्तरच्या दशकातल्या 'स्टार ट्रेक' फॅन्झीनच्या (चाहत्यांनीच काढलेल्या अंकांच्या) काळापासूनचा, आणि त्या झीन लिहिणाऱ्या-काढणाऱ्या बहुतेक बायका होत्या. दोन पुरुष एकमेकांना हळुवार हात लावतायत हे पडद्यावर दिसायचंच नाही, मग एकाला जखमी करायचं, की दुसऱ्याला जवळ जायची परवानगी मिळते. ही युक्ती आजही तितकीच चालते, स्टीव्ह (कॅप्टन अमेरिका) आणि त्याचा मित्र बकी यांच्या अर्ध्या गोष्टी यावर उभ्या आहेत, आणि टोनी पीटरच्या बरगड्यांना पट्टी बांधतोय हे तर दर दुसऱ्या फॅनफिकमध्ये सापडेल. करा, बिनधास्त करा. फक्त जखमेचा सीन झाल्यावर एक सीन असा लिहा जिथे कोणालाही काही लागलेलं नाही आणि तरी तो हात खांद्यावर जातो. तो सीन लिहायला दहापट अवघड जातो, स्वतः करून बघा, पहिल्या ड्राफ्टमध्ये तुमच्याकडून नकळत कोणीतरी ठेचकाळेलच.

आणि उलटं करायचं असेल, म्हणजे बाप जखमी आणि पोरगं सेवा करतंय, तर जरा जपून. पोराने बापाला सांभाळणं हे दिसायला गोड असतं पण टिमचं नेमकं तेच दुखणं आहे. पोराला तिथून उठवून झोपायला पाठवणारं कोणीतरी मोठं माणूस सीनमध्ये ठेवा. आल्फ्रेड असतोच.

पाच अधिक एक

नवीन असाल तर ५+१ हा साचा घ्या. पाच वेळा अमुक झालं नाही, सहाव्यांदा झालं. 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'मध्ये टोनी गाडीचं दार उघडायला हात पुढे करतो, पीटरला वाटतं मिठी मारतोय, आणि टोनी सांगून टाकतो की मी दार उघडत होतो फक्त. यावरून कितीतरी जणांनी 'पाच वेळा टोनीने मिठी टाळली आणि एकदा नाही' या धर्तीचं लिहिलंय आणि अजूनही जागा आहे. पाचही वेळा कारण वेगळं हवं नाहीतर वाचक दुसऱ्यालाच स्क्रोल करतो. एकदा लाजेने, एकदा खरंच हातात गरम काहीतरी आहे म्हणून, एकदा बाप हॉवर्ड आठवला म्हणून, एकदा पीटरनेच टाळली म्हणून (ही नक्की ठेवा, पोराला पण स्वतःचा अहंकार असतो), आणि पाचवी अशी की वाचकाला टोनीचा राग यावा. सहावी मात्र मोठी करू नका, पाऊस नको, रणांगण नको, कोणी बेशुद्ध नको. 'एंडगेम'मध्येच बघा, टोनी परत लढाईत उतरायचं ठरवतो त्याच्या आधी तो स्वयंपाकघरात भांडी धुतोय आणि पीटरसोबतचा फोटो समोर आहे. एवढा मोठा निर्णय आणि हात ओले. मला त्या सिनेमात सगळ्यात जास्त फॅनफिक वाटलेली जागा ती.

डायलॉग

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. बापाला बदलायचं म्हणून त्याच्या तोंडी असलं काहीतरी येतं:

"जेसन, मी माझ्या ट्रॉमामुळे तुझ्याशी भावनिक अंतर ठेवलं आणि त्याचा तुझ्यावर जो परिणाम झाला त्याची जबाबदारी मी घेतो."

हा ब्रूस नाही, हा कौन्सेलरचा रिपोर्ट आहे. हे वाक्य त्याला शेवटी कधीतरी बोलता यावं असं वाटत असेल तर त्याच्या आधीची वीस अडखळलेली वाक्यं लिहा, आणि मग कदाचित कळेल की या वाक्याची गरजच उरली नाही. हे बघा:

जेसन खिडकीतून आत आला. टेबलापाशी ब्रूस बसलेला, पुढ्यात गार झालेली कॉफी.
"दार उघडं होतं," ब्रूस म्हणाला.
"माहितीये."
"रोज असतं."
जेसनने हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं. "कधीपासून?"
ब्रूस कपाकडे बघत राहिला. उत्तर आल्फ्रेडने दिलं. "तुम्ही परत आल्याचं कळलं त्या रात्रीपासून, मास्टर जेसन."

ब्रूस फक्त दाराबद्दल बोलला. तो तसाच आहे, कमी बोलणारा, ताठ, काय वाटतंय ते न सांगणारा, त्याचा स्वभाव आपण काढून घेतलेला नाही, त्याला फक्त काहीतरी करायला लावलंय, आणि जे त्याला बोलता येत नाही ते बोलायला दुसरा माणूस ठेवलाय. मर्दानगी बदलायची म्हणजे प्रत्येकाला बोलका आणि रडका करायचा असं नाही. रडू दे की, रडला तर चांगलंच आहे, पण क्लार्क केंट (सुपरमॅन) ज्या सहजतेने रडेल तसा ब्रूस रडणार नाही, कारण क्लार्कला जोनाथन केंटने वाढवलंय आणि ब्रूसचा बाप तो लहान असतानाच डोळ्यांसमोर गेला.

मराठीत लिहिताय तर तू-तुम्हीचा वापर करून घ्या, फुकटची सोय आहे. पीटर 'मिस्टर स्टार्क, तुम्ही' म्हणणार. आल्फ्रेडने ब्रूसला लहानाचा मोठा केलाय तरी तो 'मास्टर ब्रूस, तुम्ही' म्हणणार, आणि डिक ब्रूसला सरळ तू म्हणेल. डेमियन 'फादर, तुम्ही'. हा डेमियन एखाद्या रात्री तापात तू म्हणून गेला तर त्यावर कोणालाही काही बोलायला लावू नका, ब्रूसला पण नाही, तसंच पुढे जा.

पोराचा राग

माफी मागितली, मिठी मारली, सगळं मिटलं, असं एका चॅप्टरमध्ये करू नका ना प्लीज. जेसन रेड हूड होऊन परत येतो तेव्हा त्याचा प्रश्न एकच असतो: मला मारणारा जोकर अजून जिवंत का आहे? आणि कॉमिकमध्ये त्या भांडणाचा शेवट ब्रूसच्या बॅटरँगने (त्याचं फेकायचं शस्त्र) जेसनच्या मानेला कापण्यात होतो. हे तुम्हाला पुसून टाकायचं असेल तर पुसा, फिक्स-इट म्हणजे तेच, पण ठेवायचं असेल तर मग मानेवरचा व्रण प्रत्येक मिठीत मध्ये येणार हे लक्षात ठेवून लिहा. ब्रूसचं न मारण्याचं तत्त्व त्याच्या दृष्टीने बरोबर आहे आणि जेसनचा राग पण बरोबर आहे, या दोघांपैकी एकाला लेखकाने जिंकवलं की गोष्ट सपाट होते.

पळवाट बापाची बंद करायची, पोराची उघडी ठेवायची. पोरगं उठून निघून गेलं तर जाऊ द्या. बापाने त्याच्या मागे उडत जायचं नाही, ट्रॅकर लावायचा नाही.

ट्रॅकरवरून आठवलं, या विषयातली सगळ्यात मोठी गडबड इथे होते. ब्रूस सगळ्यांवर नजर ठेवतो, टोनीने पीटरच्या सूटमध्ये चक्क बेबी मॉनिटर प्रोटोकॉल टाकलाय, आणि फॅनफिकमध्ये हे सगळं 'ऑ किती काळजी' म्हणून येतं. प्रोटेक्टिव्ह बाप वाचायला मजा येते हे मान्य, पण जुना पुरुषी ताबा आणि नवी माया यात फरक काय मग? फरक असा दाखवता येतो की पोराला ट्रॅकर सापडतो, तो भडकतो, आणि बाप तो काढून टाकतो आणि त्या रात्री त्याला झोप लागत नाही. दुसरं, टोनीला सूट देणं अजिबात महाग पडत नाही. त्याच्याकडून अशी वस्तू द्यायला लावा जी त्याच्याकडे खरंच कमी आहे, वेळ, किंवा स्वतःच्या बापाबद्दलची एखादी खरी आठवण.

बाप एकटा नसतो

आयर्नडॅड प्रकारात, म्हणजे टोनी पीटरचा बाप होतो त्या गोष्टींत, पीटरच्या मे काकूचं जे होतं ते बघवत नाही. टोनीला बाप करायचा म्हणून मे काकूला कधी डबल शिफ्टला पाठवतात, कधी मारतात, कधी सरळ वाईट करतात. अरे, पोरगं तिने वाढवलंय! पीटरमध्ये जे काही चांगलं आहे त्यातलं बरंचसं तिच्याकडून आलंय, आणि टोनीला बाप व्हायचं शिकायचं असेल तर त्याला शिकवायला घरात तीच आहे. मे टोनीला झापतेय असा एक सीन कुठल्याही बायो-डॅड एयूपेक्षा (टोनीच पीटरचा जन्मदाता असतो अशी बदललेली गोष्ट) जास्त काम करतो. तसंच डेमियनच्या आईचं, टालियाचं, तिला नुसती खलनायिका केली की ब्रूसला फुकटात चांगुलपणा मिळतो.

आणि एका भावाबद्दल पण लिहा. २००९ मध्ये ब्रूस नसताना डिक बॅटमॅन झाला आणि डेमियन त्याचा रॉबिन. ज्या पोराला बापाने नीट वाढवलं नाही तोच आता बापाच्या पोराला वाढवतोय, बापाच्या कपड्यांत. डिक हसतो, मस्करी करतो, तो केप त्याला जड होतो, आणि तरी डेमियन त्याच्याकडे वळतो. ब्रूस परत आल्यावर या तिघांचं काय होत असेल यावर कॉमिकवाल्यांनी हवं तेवढं लिहिलं नाही असं माझं मत आहे. ही जागा घ्या कोणीतरी. ब्रूसची दत्तक मुलगी कॅसांड्रा, तिला पण विसरू नका, सगळी बापाची चर्चा मुलग्यांभोवतीच फिरते, आणि तिच्या जन्मदात्याने तर तिला बोलायलाच शिकवलं नव्हतं, त्यामुळे ब्रूसच्या न बोलण्याचा तिला त्रास होत नाही, ती त्याचं अंग वाचते. ब्रूसला समजून घेणारं ते एकमेव पोर असेल कदाचित.

कोणी म्हटलं की असला घरगुती ब्रूस कॅरेक्टरला सोडून आहे, तर त्याला सांगा की २०२१ पासून डीसीने स्वतः वेबटूनवर 'वेन फॅमिली ॲडव्हेंचर्स' चालवलं, त्यात हेच सगळं आहे.

पोस्ट करताना

एओथ्री, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची साइट, २००९ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, ना-नफा तत्त्वावर चालतं, २०१९ चा ह्यूगो (सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार) पण मिळालाय. तिथे टॅग नीट लावणं हे अर्धं काम. बाप-मुलाच्या गोष्टीत एक गोष्ट चुकली तर लोक खरंच चिडतात: नात्याच्या टॅगमध्ये तिरकी रेघ म्हणजे रोमँटिक किंवा लैंगिक, आणि अँडचं चिन्ह म्हणजे मैत्री किंवा घरचं नातं. टोनी आणि पीटरच्या मध्ये तिरकी रेघ टाकलीत तर ज्यांना बाप-लेक वाचायचंय ते तुम्हाला फिल्टर करून टाकतील आणि जे येतील ते दुसरंच काही शोधत आलेले असतील. ब्रूस चांगला बाप आहे, वाईट बाप आहे, का प्रयत्न करणारा बाप आहे, या तिन्हींसाठी वेगवेगळे टॅग आहेत, प्रामाणिकपणे निवडा, कारण वाईट बापाच्या टॅगखाली येणारा वाचक बऱ्याचदा स्वतःच्या घरचं काहीतरी घेऊन आलेला असतो आणि त्याला शेवटी झटपट माफी मिळालेली बघायची नसते. मारहाण असेल, दारू असेल, आत्महत्येचा विषय असेल तर तेही वर लिहा.

गोष्ट अर्धवट असेल तर चॅप्टरच्या संख्येत एकूणच्या जागी प्रश्नचिन्ह राहू द्या, उगाच दहा लिहून चारला थांबू नका. आणि बीटा (पोस्ट करण्याआधी गोष्ट वाचून चुका सांगणारा) म्हणून शक्यतो असा कोणीतरी बघा ज्याला तुमच्या बापापेक्षा तुमचं पोरगं जास्त आवडतं, तो बरोबर सांगतो कुठे बाप स्वस्तात सुटलाय.